भावंडांचा प्रवास संपतो तेव्हा

प्रवासाच्या गोष्टींमध्ये शेवट हा बहुतेक वेळा सगळ्यात कच्चा भाग असतो. गाडी निघते तेव्हा लेखक-दिग्दर्शक फॉर्मात असतात. टायर पंक्चर होतो, पैसे संपतात, कुणीतरी विचित्र माणूस लिफ्ट मागतो, रात्री ढाब्यावर जुनं भांडण उकरलं जातं. पण घर जवळ आलं की सगळ्यांना घाई होते. एक मिठी, एक गाणं, वर जाणारा ड्रोन शॉट, आणि पडद्यावर नावं सुरू. मित्रांच्या गोष्टीत हे खपून जातं. मित्र पुन्हा भेटणार असतात, आणि नाही भेटले तरी नवे मिळतात. भावंडांच्या गोष्टीत मात्र मला हा शेवट खोटा वाटतो. त्यांच्यात काहीतरी तुटलेलं असतं, प्रवासात ते जोडलं जातं, आणि मग ती जोडलेलीच राहतात, असं ही गोष्ट सांगते. मला वाटतं, भावंडांना जोडून ठेवणारी गोष्ट खुद्द प्रवासच असतो, आणि तो संपला की खरा प्रश्न सुरू होतो. मराठीत हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच विचारून झालाय. त्याकडे येतेच, पण आधी दोन सिनेमे.

'रेन मॅन' (1988) पाहिला नसेल तर पुढे स्पॉइलर आहेत. सिनेमा माझ्याहून वयाने मोठा आहे, त्यामुळे माफी मागत नाही. वडील गेल्यावर चार्लीला (टॉम क्रूझ) कळतं की आपल्याला एक मोठा भाऊ आहे, ऑटिस्टिक आहे, संस्थेत राहतो, आणि सगळी इस्टेट त्याच्या नावाने ठेवलेली आहे. चार्ली त्याला पळवतो. रेमंड (डस्टिन हॉफमन) विमानात बसायला तयार नाही, म्हणून दोघं वडिलांच्या 1949 सालच्या ब्युइक गाडीतून सिनसिनाटीहून लॉस एंजेलिसला निघतात. शेवटी रेमंड ट्रेनने संस्थेत परत जातो. चार्ली सांगतो, दोन आठवड्यांनी भेटायला येतो. ट्रेन जाते. तो खरंच गेला का, हे दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन दाखवत नाही. हॉलिवूडच्या मानाने हा फार प्रामाणिक शेवट आहे, कारण 'दोन आठवड्यांनी येतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुणाला तरी म्हटलेलं असतं.

वेस अँडरसनचा 'द दार्जिलिंग लिमिटेड' (2007) मला जास्त आवडतो, पण शेवटाच्या बाबतीत तो पळवाट काढतो. वडील गेल्यानंतर वर्षभराने तीन भाऊ राजस्थानातून ट्रेनने आईला भेटायला निघतात. सोबत वडिलांच्या भारी सुटकेसांचा ढीग. शेवटी चालती गाडी पकडण्यासाठी ते त्या सुटकेसा फेकून देतात आणि चढतात. दृश्य सुंदर आहे. पण नीट पाहिलं तर प्रवास संपलेलाच नाही, फक्त गाडी बदलली आहे. तिघं आपापल्या घरी गेल्यावर एकमेकांना फोन करतात का, या प्रश्नाला अँडरसन हात लावत नाही.

हात लावलाय तो नामदेवांच्या गाथेतल्या 'समाधी' प्रकरणाने. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडं आपल्याला शाळेतच भेटतात, पण ती चार संत म्हणून. कॅलेंडरवर ओळीने उभी, डोक्यामागे तेजोवलय. या चौघांना प्रवासी म्हणून वाचून पाहा. गोष्ट एकदम वेगळी दिसायला लागते.

त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा येतो, पळापळीत निवृत्ती चुकतो आणि त्याला एका गुहेत गहिनीनाथ भेटतात. पुढे आईवडील, म्हणजे विठ्ठलपंत आणि रुक्मिणी, संन्यासातून परत संसारात आल्याचं प्रायश्चित्त म्हणून देह टाकतात. चार पोरकी मुलं आळंदीहून पैठणला चालत जातात, कशासाठी, तर शुद्धिपत्रासाठी. म्हणजे आम्ही माणसं आहोत, आम्हाला गावात राहू द्या, असा दाखला आणायला. पैठणहून परतताना प्रवरेकाठी नेवाशाला मुक्काम पडतो आणि तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, 'ज्ञानेश्वरी' पूर्ण होते. पैठणला वेद बोललेला तो रेडा वाटेत जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला देह ठेवतो. त्याची समाधी आजही तिथे आहे. मग परत आळंदी. चांगदेव वाघावर बसून येतात तेव्हा ही चौघं भिंतीवर बसून सामोरी जातात. भावंडांनी एका गाडीतून केलेली मराठीतली पहिली राइड हीच, आणि पासिंगची भानगड नाही.

परंपरेत रूढ असलेल्या एका गणनेप्रमाणे या चौघांमध्ये दोन-दोन वर्षांचं अंतर होतं. ती गणना धरली तर शेवटाला थोरला तेविशीत होता आणि धाकटी सतरा-अठराची. म्हणजे एक भाऊ जॉबला नुकता लागलेला, एक फायनल इयरला, एक एफवायला आणि एक बारावीला. 'माउली' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणी वयस्कर माणूस येतो, त्यामुळे हे हिशेबात येतच नाही.

आपल्या सिनेमाने या गोष्टीचं काय केलं? 'प्रभात'ने 1940 साली 'संत ज्ञानेश्वर' काढला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, नायक शाहू मोडक. चालणारी भिंत आणि बोलणारा रेडा हे त्या काळच्या ट्रिक फोटोग्राफीचे नमुने म्हणून आजही सांगितले जातात. तांत्रिक करामत म्हणून मला त्यांचं कौतुक आहेच. पण चमत्कार लक्षात राहिले की माणसं मागे पडतात. भिंत चालली हे कळतं. भिंतीवर धाकटीला मध्ये बसवलं की कडेला, हे कळत नाही. 2025 साली आलेल्या 'संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई' या सिनेमाच्या निदान नावात तरी बहीण आली, तीही भावाच्या मालकीची होऊन.

नामदेव हे या गोष्टीचे बाहेरचे निवेदक आहेत. भावंड नाहीत, मित्र आहेत, आणि म्हणूनच त्यांना दिसतं. (हे सगळे अभंग एकट्या नामदेवांचे, की त्यात पुढच्यांनी भर घातली, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. मी इथे 'नामदेव' म्हणते तेव्हा त्या अभंगांतला आवाज एवढंच धरा.) शके 1218, कार्तिक वद्य त्रयोदशी, म्हणजे 1296. ज्ञानदेव समाधी घ्यायची म्हणतात. आळंदीत संतांची गर्दी जमलेली. नामदेवांची मुलं आत जाऊन जागा झाडून घेतात. हे झाडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एवढा मोठा प्रसंग, पण कुणीतरी केर काढतंय, याची नोंद निवेदक ठेवतो. मग निवृत्ती भावाचा हात धरून त्याला आत नेतो, बसवतो, बाहेर येतो आणि समाधीवर शिळा लावली जाते.

यातली गोची अशी की निवृत्ती नुसता थोरला भाऊ नाही, तो गुरूही आहे. गहिनीनाथांकडून मिळालेलं त्याने धाकट्याला दिलं, आणि धाकट्याने 'ज्ञानेश्वरी'त पानोपानी त्याचं ऋण मानलं. समाधीची आज्ञा मागितल्यावर गुरूने ती द्यायला हवी. पण मग त्याच माणसाचं, भाऊ म्हणून, काय होतं? यावर नामदेवांनी एक अख्खा अभंग लिहिलाय आणि माझ्या मते तो मराठीतल्या सगळ्यात अस्वस्थ करणाऱ्या कवितांपैकी एक आहे.

ओळी देत नाही, त्या तुम्ही शोधून वाचा. पण त्यात काय आहे ते सांगते. बोलतोय निवृत्ती. तो एकामागून एक प्रतिमा ठेवत जातो. बांधलेल्या तळ्याचा बांध फुटतो आणि पाणी वाट फुटेल तिकडे जातं. बांधलेल्या पेंढीचा आळा सुटतो आणि गवत रानभर पांगतं. खोपीत हरिणी उरत नाही आणि पाडसं दाही दिशांना भटकतात. तिन्ही प्रतिमा घरच्या, शेताच्या, रानाच्या आहेत. 'आत्मा अमर आहे'वाल्या नाहीत. मोक्ष, ब्रह्म, चैतन्य यातलं काहीही तो काढत नाही, आणि हे सगळं त्याला इतरांपेक्षा जास्त येतं.

पेंढीपाशी जरा थांबू. पेंढी ज्याने बांधतात तो आळा बहुतेक वेळा गवताचाच असतो. बाहेरून आणलेली दोरी नसते. त्यातल्याच काही काड्या घेऊन, पीळ देऊन, बाकीच्यांभोवती आवळतात. म्हणजे जो बांधून ठेवतो तो बांधलेल्यांपैकीच एक असतो. इंजिनिअरिंगला आम्हाला ग्राफ थिअरीत 'कट व्हर्टेक्स' शिकवलेला. जाळ्यातला असा बिंदू, की तो एकच काढला तर उरलेलं जाळं तुटून सुटे तुकडे होतात. परीक्षेला पाच मार्कांना असायचं. निवृत्तीला ते शेतावर दिसलं होतं. आपली पेंढी आपण थोरलेपणाने बांधलेली नव्हती, दुसऱ्या नंबरच्या भावाने बांधली होती, हे त्याला आळा सुटल्यावर कळतं. घरोघरी असंच असतं. सगळ्यांना धरून ठेवणारं माणूस थोरलंच असतं असं नाही, आणि ते कोण होतं हे नंतर कळतं.

यानंतर तो जे म्हणतो ते वाचून मी फोन लॉक केला होता. लोकलमध्ये होते. कोपरला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे आम्हाला वाचायला भरपूर वेळ मिळतो. निवृत्ती म्हणतो, आईबाप आम्हाला सोडून गेले तेव्हासुद्धा असं संकट आलं नव्हतं.

हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. आईबापांचं मरण हे दुःखांच्या यादीत सगळ्यात वर ठेवायचं असतं, तसा नियम आहे. माझे बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते, दादा नुकताच नोकरीला लागला होता. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी त्याची गाडी गुरुग्रामहून कोपरला आणली. ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, चौदाशेच्या आसपास किलोमीटर, तीन दिवस. तीन आठवड्यांनी तो जर्मनीला जाणार होता आणि गाडी विकायची होती. पहिले दोन दिवस आम्ही सतत बोलत होतो. बाबांच्या पीएफचे कागद कुठल्या फायलीत आहेत, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, सोसायटीच्या लिफ्टचं काय झालं, त्याला लहानपणी मिळालेली सायकल मी कशी मोडली. नाशिकला त्र्यंबकेश्वरची पाटी गेली. कसारा घाट उतरलो आणि बोलणं थांबलं. भांडण नव्हतं. बोलायचं राहिलेलं एकच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. मानकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडून डोंबिवली पश्चिमेला उतरलो, घरी पोचलो. आई म्हणाली, "वाटेत नीट जेवलात ना रे दोघं?" दादा म्हणाला, "हो गं." त्याच्या त्या "हो गं"मध्ये प्रवास संपला.

आई शेजारच्या खोलीत असताना निवृत्तीचं ते वाक्य स्वतःशी म्हणणंही मला जड जातं. पण ते खरं का वाटतं, याचं उत्तर त्या अभंगाच्या रचनेत आहे. आईबाप गेले तेव्हा तिथे चौघं होती. दुःख चार वाट्यांत वाटलं गेलं. शिवाय लगेच पैठणचा रस्ता होता, दाखला आणायचा होता, धाकटीच्या पायाला फोड आले तर बघायचं होतं. भावंड जातं तेव्हा, ते मरणाने असो की विमानाने, दुःखाबरोबर दुःखाचा वाटेकरीही जातो. बाबांना खोकल्याआधी घसा खाकरायची सवय होती, हे आता या देशात फक्त मला आणि आईला माहीत आहे. निवृत्ती दोन मरणांची तुलना करून एकाला जास्त मार्क देत नाही. तो हिशेब सांगतो, की तेव्हा आम्ही किती होतो आणि आता किती आहोत. अभंगाच्या शेवटी नामदेव देवाला हाक मारतात. आग पेटली आहे, तू याचं समाधान कर. गुरूला शिष्याच्या मित्राने सावरायची वेळ येते, आणि तोही स्वतः न सावरता देवाकडे वळतो.

इथे दुसरा कुणी कवी थांबला असता. शिळा लागली, रडून झालं, क्लायमॅक्स संपला. पण 'समाधी'ची गोष्ट पुढे चालू राहते, आणि अक्षरशः चालत राहते. महिन्याभराने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला सोपान समाधी घेतो. पुढे पुणतांब्याला चांगदेव. मग निवृत्ती आणि मुक्ताई उत्तरेला निघतात. तापीच्या काठी मेहूण-कोथळीच्या परिसरात, वैशाखात, वीज कडाडते आणि मुक्ताई दिसेनाशी होते. राहिलेला निवृत्ती ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरला पोचतो, जिथे लहानपणी तो चुकला होता, आणि तिथेच देह ठेवतो. कार्तिक ते ज्येष्ठ, साधारण सात महिने. जाताना या भावंडांना रस्त्यावर काही ना काही मिळत गेलं होतं. गुरू, ग्रंथ, रेडा, चांगदेवासारखा शिष्य. येताना प्रत्येक मुक्कामाला एकेक जण कमी.

सासवड ते तापी हा टप्पा मला सगळ्यात छळतो. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, फक्त दोघं. चौघांतले मधले दोन गेलेले. काय बोलले असतील? की आमच्यासारखेच गप्प राहिले? हीच मुक्ताई एकेकाळी रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाच्या ताटीबाहेर उभी राहून त्याला समजावत होती. ते 'ताटीचे अभंग' मराठीतलं भावाबहिणीचं सगळ्यात मोठं संभाषण आहे, आणि त्यात बोलते फक्त बहीण. ताटी काड्यांची असते, हाकेने उघडते. आळंदीची शिळा तशी उघडणार नव्हती. ज्या मुलीचं सगळं वक्तृत्व बंद दारासमोर फुललं, तिला या टप्प्यावर सोबत होती ती बोलणाऱ्या नव्हे तर उपदेश देणाऱ्या भावाची. इथे नामदेवांनी आणखी रेंगाळायला हवं होतं, अशी माझी तक्रार आहे. कादंबरीकाराने हा टप्पा सोडला नसता. आपल्याकडे कुणीतरी ती कादंबरी लिहावी. तापीकाठचा वैशाख, दोघांच्या चपला, आणि वीज पडायच्या आधीचं ढगाळलेलं आकाश.

मात्र वारकऱ्यांनी हा शेवट जसाच्या तसा स्वीकारला नाही, आणि परंपरेचं मला सगळ्यात आवडतं ते हेच. कार्तिकात आळंदीला समाधीचा सोहळा होतो, तेव्हा नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन असतं. मित्राने सांगितलेली गोष्ट मित्राच्याच घरातला माणूस पुन्हा सांगतो आणि शेकडो वर्षांनीही लोक तिथे रडतात. ते झालं शेवटाचं रिपीट. पण आषाढात त्याच लोकांनी सीक्वलही रचून ठेवलाय, कागदावर नाही, रस्त्यावर. चौघांच्या चार पालख्या चार गावांहून निघतात. मुक्ताईची तापीकाठाहून, पूर्वी एदलाबाद नाव असलेल्या मुक्ताईनगरहून, आणि तिला पंढरपूरला पोचायला जवळजवळ महिना लागतो. सगळ्यात धाकटीला सगळ्यात लांबचा रस्ता. वाटेत बीडला ती आजोबांच्या, गोविंदपंतांच्या, समाधीपाशी थांबते. नातीने आजोबांना भेटून जायचं, एवढंच निमित्त. निवृत्तीची पालखी त्र्यंबकेश्वरहून येते, सोपानाची सासवडहून, ज्ञानदेवाची आळंदीहून. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला सगळ्या एकत्र येतात.

त्याच्याही आधी, वेळापूर सोडल्यावर, माउलींची आणि सोपानकाकांची पालखी एकमेकांना भेटतात. याला लोक 'बंधुभेट' म्हणतात. भाषण नाही, पुढचा-मागचा हिशेब नाही. दोन पालख्या शेजारी आणतात, मानकरी एकमेकांना नारळ देतात, गळाभेट घेतात. थोडा वेळ गर्दीत कुणाला काही दिसत नाही, मोबाइल वर धरलेले हात तेवढे दिसतात. मग पुढच्या मुक्कामाला उशीर होतो म्हणून चोपदार घाई करतात आणि दोन्ही पालख्या आपापल्या दिंड्या घेऊन चालायला लागतात.